शालनताईंचा फोटो

कॅमेरा वर झाला की शालनताईंचं दूध उतू जायला लागायचं, गॅसवर दूध असो वा नसो. "अगं बया, दूध ठिवलंय!" म्हणत त्या ज्या आत पळायच्या, त्या सगळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. आमच्या मंडळाच्या आठ-नऊ वर्षांच्या फोटोंत त्यांनी लाटलेल्या पोळ्या आहेत, वळलेले मोदक आहेत, वाढलेल्या ताटांच्या रांगा आहेत, त्या नाहीत. हे मी अंदाजाने सांगत नाही. एका दुपारी बसून मी ते सगळे फोटो, एकेक बोटांनी मोठा करून, पाहिले आहेत. का पाहावे लागले ते पुढे येईलच.

मी लंडनच्या हॅरोमध्ये राहते. इथल्याच एका कॉलेजात मुलांना फी, स्टुडंट लोन आणि स्कॉलरशिपचे अर्ज भरायला मदत करणं हे माझं काम. म्हणजे शिकायला कुणाला कुठून मदत मिळते आणि कुणाला मिळत नाही, हे माहीत असण्याचाच मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण या हकिकतीत मला तोंड लपवायला जागा नाही.

शालनताई पहिल्यांदा भेटल्या त्या गणपतीत, मंडळाने भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात. मी जेवणाऱ्यांची मोजदाद करत होते. पोळ्या लाटणाऱ्या एका ठेंगण्या, सावळ्या बाईंकडे बोट करून म्हटलं, "आणि तुम्ही एक." त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला नका धरू." मला वाटलं उपास असेल. पण मग सहलीची बस ठरली तेव्हाही तेच, हळदीकुंकवाच्या वाणाच्या वेळीही तेच, आणि स्मरणिकेत मदतनिसांचे आभार छापायचे ठरले तेव्हाही "ताई, माझं नाव नगं हं त्यात. मला नका धरू." आम्ही बायका आपसांत म्हणायचो, किती निरिच्छ बाई आहे! एखाद्याला काही विचारायचं नसलं की आम्ही त्याला असा एखादा गुण चिकटवून मोकळे होतो.

विचारण्यात आम्ही खरं तर कमी नाही. नवीन मराठी कुटुंब भेटलं की पाच मिनिटांत नवरा कुठल्या कंपनीत, व्हिसा कुठला, आयएलआर, म्हणजे कायमचा परवाना, कधी मिळणार, घर घेतलं का, इथपर्यंत आमची मजल जाते. शालनताईंना हे कुणीच कधी विचारलं नाही. पोळ्या करायला येणाऱ्या बाईला व्हिसा कशाला विचारायचा? त्या सांगलीकडच्या, विट्याच्या. मिस्टर दुबईला असतात. एक मुलगी आहे, ऋतुजा. एका गुजराती बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली आहे. एवढ्यावर आमचं समाधान होतं. मिस्टर दुबईला नव्हतेच. ते एका हॉटेलात कुक म्हणून रीतसर परवान्यावर आले होते, मागून बायको आणि सहा वर्षांची मुलगी आली. हॉटेल बंद पडलं, परवाना संपला, आणि "दुसरीकडं काम बगून येतो" म्हणून एका सोमवारी नवरा जो गेला तो गेलाच. हे मला कळलं तेव्हा त्यांची माझी ओळख नऊ वर्षांची होती.

हाताला मात्र अशी चव की बोलायची सोय नाही. संक्रांतीच्या गुळपोळ्यांसाठी लोक रीडिंगसारख्या लांबच्या गावाहून गाडी काढून यायचे. एकदा मी त्यांच्याशेजारी उभी राहून लाटायला गेले, तर माझ्या पोळीचा गूळ मध्यभागीच गोळा होऊन बसला. त्यांनी ती पोळी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "मॅडम, गूळ कडंपत्तुर गेला पायजे. कडंनं काय पाप केलंय?" आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. मुलांनी पोळीच्या कडा ताटात टाकलेल्या त्यांना चालत नसत; पण त्यांच्या पोळीच्या कडा कुणी टाकतही नसे.

दुसरी एक सवय मला विचित्र वाटायची. दर गुरुवारी त्या आमच्याकडे आठवड्याच्या पोळ्या करायला येत. दारात एखादं पार्सल पडलेलं असलं की आत आणता आणता त्यावरचं नावाचं लेबल नखाने सोलून काढायच्या, सिंकमध्ये भिजवायच्या आणि त्याचा लगदा करून टाकायच्या. "शालनताई, ते माझ्या नावाचं आहे हो," मी हसून म्हणायची. "असू द्या. नावाचा कागूद घरात बरा न्हाई." त्यांच्या स्वतःच्या नावाचा तर चिटोराही कुठे नव्हता. बँकेत खातं नाही, डॉक्टरकडे नोंद नाही, फोनसुद्धा घरमालकिणीच्या नावावर. पण ऋतुजाच्या शाळेचा कागद त्यांनी कधी फाडला नाही. पहिल्या वर्षापासूनची प्रगतिपुस्तकं, सहलीची परवानगीपत्रं, पोहण्याचं सर्टिफिकेट, "आज ऋतुजाने दात पडल्याची गोष्ट सांगितली" असं बाईंनी लिहिलेली चिठ्ठी, सगळं एका पोह्यांच्या डब्यात. वर झाकण घट्ट लावलेलं. "ते तिचं हाय," त्या म्हणायच्या, "माझं न्हाई."

आता त्या संक्रांतीचं सांगते. ऋतुजा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिळगुळाच्या आधी मंडळात काहीतरी उपयुक्त कार्यक्रम ठेवायची पद्धत आहे, त्या वर्षी माझं भाषण ठरलं: मुलांचं युनिव्हर्सिटीचं शिक्षण, फी आणि आर्थिक मदत. कॉलेजात दर वर्षी दाखवते त्याच स्लाइड मी घेऊन गेले. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा आत भांडी घासण्याचा आवाज येत होता. मग आतला नळ बंद झाला, आणि शालनताई पदराला हात पुसत हॉलमध्ये येऊन अगदी मागच्या खुर्चीच्या टोकाशी बसल्या. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघराबाहेर येऊन बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मला बरं वाटलं. वाटलं, माझं भाषण चांगलं चाललंय.

सहावी की सातवी स्लाइड आली. तिच्यावर लिहिलं होतं की ज्या मुलांकडे इथे राहण्याचा परवाना नाही त्यांना स्टुडंट लोन मिळत नाही आणि फी परदेशी विद्यार्थ्यांची पडते. मूल सात वर्षं इथे वाढलेलं असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. आईवडिलांनाही त्याच्याबरोबर करता येऊ शकतो. पण परवाना मिळाल्यावरही लोनसाठी आधी तीन वर्षं जावी लागतात, म्हणून लवकर, मूल चौदा-पंधराचं असतानाच वकिलाकडे जा. खाली फुकट कायदेशीर सल्ला कुठे मिळेल त्याचा पत्ता होता. मी म्हटलं, "ही आपल्याला नको. आपण सगळे व्यवस्थित कागदपत्रं घेऊन आलेली माणसं." लोक हसले. कुणीतरी "हो, वीस वीस फॉर्म भरून!" म्हणालं, त्यावर आणखी हसले. मी बटण दाबलं आणि पुढे गेले.

कार्यक्रम संपल्यावर शालनताईंनी स्वयंपाकघरात मला फॉइलमध्ये बांधलेल्या गुळपोळ्या दिल्या. मग नळाकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, मदी एक भरकन गेलं न्हवं? ते वाचायचं ऱ्हायलं."

"ते आपल्यासाठी नाही हो शालनताई," मी म्हटलं. "ते बेकायदा राहणाऱ्या लोकांचं असतं."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नळ सोडला.

मला त्यात काहीही वाटलं नाही. गुळपोळ्या घेऊन मी घरी आले.

त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, ऋतुजा एकटीच माझ्या घरी आली. मुलगी हुशार, आईसारखीच ठेंगणी, बोलणं इथल्या मुलांसारखं, मराठीत 'तो-ती'ची गल्लत करणारं. मिडलंड्समधल्या एका युनिव्हर्सिटीने तिला रेडिओग्राफीला जागा देऊ केली होती. शालनताई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, "हाडांचे फोटो काढायचं शिकणार हाय माझी पोर." ऋतुजाने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला.

"आँटी, लोनचा फॉर्म पुढे जातच नाहीये. तो इमिग्रेशन स्टेटस विचारतो. मी आईला विचारला, तर ती काही बोलतच नाही. नुसती पोळ्या करते."

मी म्हटलं, "पासपोर्ट आण."

तिने आणला होता. तो मुदत संपून कित्येक वर्षं झालेला, आईच्या पासपोर्टबरोबर रबरबँडने बांधलेला. आतला व्हिसा त्याच्याही आधी संपलेला होता. अशा मुली मी कॉलेजात पाहिल्या होत्या. त्या कुणाच्या कुणाच्या असायच्या. ही तर गुरुवारी शाळा सुटल्यावर माझ्या घरी येऊन आईचं काम होईपर्यंत माझ्या डायनिंग टेबलावर गृहपाठ करत मोठी झालेली.

"आँटी, सांगा ना. म्हणजे मी इल्लीगल आहे?"

तो शब्द या मुलीला कुणी शिकवला होता देव जाणे. मी तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही. "तुझा वाढदिवस कधी असतो गं?" एवढं विचारलेलं आठवतं. ती म्हणाली, मार्चमध्ये. गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली.

वकीलबाईंकडे आम्ही तिघी गेलो. मी दुभाष्या म्हणून. सल्ला फुकट होता, बाई चांगल्या होत्या, त्यांनी पोह्यांच्या डब्यातला एकेक कागद काढून टेबलावर वर्षांप्रमाणे मांडला आणि म्हणाल्या, इतकं नीट ठेवलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. ऋतुजाचं अर्ध्याहून जास्त आयुष्य इथे गेलं आहे. तिला स्वतःच्या नावावर अर्ज करता येईल. अर्जाची फी माफ व्हावी म्हणूनही लिहू. बहुतेक परवाना मिळेल. पण लोन तिथून तीन वर्षांनी. हे सगळं मी भराभर मराठीत सांगितलं. मग त्या शालनताईंकडे वळल्या आणि म्हणाल्या की मुलगी अठराची व्हायच्या आत आला असतात, तर अल्पवयीन मुलीची आई म्हणून तुमचाही अर्ज तिच्याबरोबर करता आला असता. आता तो रस्ता बंद झाला आहे.

मराठी माझी मातृभाषा आहे आणि मला त्या वाक्याचं मराठी येईना.

"सांगा की," शालनताई म्हणाल्या. "माझं काय व्हत न्हाई म्हणत्यात न्हवं? तोंडावरनं कळलं मला." आणि डब्याचं झाकण हातात घेऊन त्याची कड पदराने पुसत बसल्या.

परत येताना बसमध्ये ऋतुजा पुढे बसली होती, कानात हेडफोन घालून. काही ऐकत नव्हती, नुसतेच घातलेले. शालनताई खिडकीतून बाहेर बघत मला म्हणाल्या, "त्या वक्ताला तुमी ते पान पुढं ढकललं. मी विचारलं बी. तुमी म्हणालासा, ते आपल्यासाठी न्हाई. मी म्हटलं, मॅडमचं कामच हाय ते. त्यास्नी ठावं असंल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनीच माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पोरीचं बगा आता." त्या थोपटण्याची मला आजही लाज वाटते.

पोरीचं मी बघितलं. नोकरीत कुणासाठी केली नसेल एवढी धावपळ केली. दिसेल त्या युनिव्हर्सिटीला ईमेल, दिसेल त्या ट्रस्टला पत्र. काही ठिकाणी निर्वासित मुलांसाठी पूर्ण फीच्या स्कॉलरशिप होत्या. पण त्या आश्रय मागणाऱ्यांच्या. ऋतुजाने आश्रय मागितला नव्हता. तिच्या गावात युद्ध नव्हतं, तिच्यामागे कुणी बंदूक घेऊन लागलं नव्हतं, तिची फक्त मुदत संपली होती. काही ठिकाणी परवाना मिळालेल्यांना मदत होती, तर तो अजून हातात नव्हता. सगळ्यांची उत्तरं अतिशय सभ्य आली. देऊ केलेली जागा युनिव्हर्सिटीने एक वर्ष राखून ठेवली, त्यापुढे त्यांना जमणार नव्हतं. ऋतुजाच्या वर्गातली मुलं उशा आणि कढया घेऊन आईवडिलांच्या गाड्यांतून हॉस्टेलला निघाली, तेव्हा ती घरात बसून दर वर्षाच्या पत्त्याचा तक्ता भरत होती. आईशी बोलत नव्हती. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "तू मला सांगायचा होता, आई. मी काय बेबी होते?" शालनताई म्हणाल्या, "तुला सांगितलं आस्तं तर तुजी झोप गेली आस्ती. एकीची गेली तेवडी पुरं."

अर्ज पाठवायच्या आठवड्यात शालनताईंनी डोक्यात एकच घेतलं. फॉर्मवर ऋतुजाचा पत्ता जाणार, त्या पत्त्यावर आपण नको. वकीलबाईंनी दोनदा समजावलं की तुम्ही तिथे राहिल्याने मुलीच्या अर्जाचं काही बिघडत नाही. मी चारदा समजावलं. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचे दिवस गेले होते, आणि तसं त्यांनी तोंडाने म्हटलं नाही एवढंच. "माजी सावली नगं तिच्या कागदावर," त्या म्हणाल्या. कार्डिफला एका मराठी डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईजवळ राहायला बाई हवी होती. सप्टेंबरअखेर एक बॅग आणि स्वतःचं पोळपाट-लाटणं घेऊन त्या गेल्या. पोह्यांचा डबा लेकीजवळ ठेवला.

रोज दुपारी त्या ऋतुजाला व्हिडिओ कॉल करायच्या. पण स्क्रीनवर परात दिसायची, नाहीतर छत. "आई, फोन वर कर ना, मला तुझं तोंड दिसत नाही," ऋतुजा म्हणायची. तिकडून उत्तर यायचं, "तोंडात काय हाय बगायला? जेवलीस का?" अबोला असा हळूहळू सुटत आला होता.

नोव्हेंबरात शालनताई वारल्या. पुढचं त्या आजींनी आम्हाला सांगितलं. दोन दिवस शालनताईंच्या छातीत दुखत होतं, डावा हात भरून येत होता. विचारलं तर म्हणायच्या, पित्त झालंय, आणि जिऱ्याचं पाणी प्यायच्या. डॉक्टर आणि सूनबाई दोघंही दिवसभर हॉस्पिटलात. त्यांच्यासमोर त्या हसतखेळत वाढायच्या. आजी कधी पडल्या तर दाबायला त्यांच्या गळ्यात एक बटण होतं, ते दाबलं की अॅम्ब्युलन्स येते. दुसऱ्या दिवशी आजींनी ते हातात घेतलं, तर शालनताईंनी त्यांचा हात धरून ठेवला. "आजी, नका. नाव विचारत्यात." तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सिंकपाशी खाली बसल्या, मग आजींनी बटण दाबलं. अॅम्ब्युलन्स लवकर आली. त्या लोकांनी आधी नाव विचारलंच नाही, असं आजी मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मृत्यूची नोंद करायला मी ऋतुजाबरोबर कार्डिफला गेले. ऑफिसातली बाई मायाळू होती. तिने पूर्ण नाव विचारलं, ऋतुजाने एकेक अक्षर सांगितलं. जन्मगाव विचारलं, तिने विटा सांगितलं. व्यवसाय विचारल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "केटरर." प्रिंटरमधून कागद आला. नाव, गाव, धंदा, सगळं बिनचूक. इतकी वर्षं या देशात राहून शालनताईंच्या नावाचा कागद पहिल्यांदाच झाला होता, आणि तो लगदा करायला त्या नव्हत्या.

विट्याहून मामाचा फोन आला, रक्षा घेऊन पोरगी कधी येते म्हणून. अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज रद्द धरतात, हे त्याला मी तीनदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अवो पण आई हाय तिची." मंडळातले एक गृहस्थ सुट्टीला सांगलीला निघाले होते, त्यांच्याबरोबर रक्षा पाठवली. ऋतुजा रक्षेची पिशवी त्यांना द्यायला स्टेशनवर गेली आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या तीन गाड्या सोडून चौथीने परत आली.

मंडळाने शोकसभा ठरवली, त्याच हॉलमध्ये. टेबलावर चादर, समई, उदबत्ती आणि हार घालायला फोटो, अशी आपली रीत. फोटो कुठून आणायचा? पासपोर्टवरचा होता, ऋतुजा म्हणाली, "तो नको. त्यात ती घाबरलेला आहे." तेव्हा मी ती दुपार सगळ्यांचे फोटो मागवून पाहत बसले. शेकडो फोटो, आम्ही सगळ्या नटूनथटून, मागे स्वयंपाकघराचं दार. शेवटी एका पंगतीच्या फोटोत माझ्याच ताटावर वाकलेला एक हात सापडला. कोपरापासून पुढचा. हिरव्या बांगड्या, मनगटावर तव्याचा जुना डाग, आणि बोटांत पोळी. मी हसून कॅमेऱ्याकडे बघत होते. स्वतःला कापून टाकून मी तो हात मोठा करून आणला. अध्यक्ष हळूच म्हणाले, नुसत्या हाताला हार बरा दिसत नाही. ऋतुजाने हार घातला.

सभेत बरेच जण बोलले. किती निरिच्छ होत्या, असं तिघांनी सांगितलं.

परवान्याचं पत्र जानेवारीच्या अखेरीस आलं. तीन वर्षं तिथून मोजायची. राखून ठेवलेली जागा सप्टेंबरात गेली. ऋतुजा आता हॅरोच्या एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना उठवण्या-बसवण्याचं काम करते, रजेच्या दिवशी माझ्याकडे येऊन त्याच टेबलावर बसते, आणि अजून दोन वर्षं आहेत म्हणते. मी हो म्हणते. ती चौदा वर्षांची असतानाचा तो एक दिवस जरी मी तिला परत देऊ शकले असते तर, असं रोज वाटतं, आणि त्या वाटण्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

यंदाच्या संक्रांतीला मंडळाने मला पुन्हा बोलायला सांगितलं. मी ती स्लाइड पहिली लावली. हॉलमध्ये लोक मोबाइल बघायला लागले. एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "अगं, हे आपल्याला कशाला?" मी हॉलकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि प्रत्येक ओळ मोठ्याने, सावकाश, मराठीत वाचायला लागले. मुलाला इथे सात वर्षं झाली असतील तर. अठरा पूर्ण व्हायच्या आत. आईलासुद्धा. फुकट सल्ला इथे मिळतो, नाव सांगायला घाबरू नका.

आत भांडी घासण्याचा आवाज चालू होता. पत्ता वाचून झाला, तो मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

आत कुणीतरी नळ बंद केला.